डाग थोडा बारीक करा

शाळेच्या सभागृहात पाहुण्यांनी मी केलेल्या गुरू ग्रहावरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या संपता संपता माझ्या लक्षात आलं की ग्रह उलटा बसलाय. गुरूवर जो प्रसिद्ध तांबडा डाग आहे तो विषुववृत्ताच्या खाली असतो. माझा वर होता. आणि बरोबर पाहुण्यांच्या नाकासमोर होता.

ही चूक आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फायबरग्लासच्या गोळ्याला खाली एक भोक ठेवतात, त्यात पुढे मोटरवर फिरणाऱ्या स्टँडचा दांडा जातो. रंगवताना गोळा सगळीकडून मोकळा हवा, म्हणून त्याच भोकात कडी अडकवून तो छताला टांगतात. म्हणजे रंगवताना ग्रह खाली डोकं वर पाय असतो, आणि रंगवणाऱ्याने समोरचा फोटोही उलटा लावायचा असतो. मी फोटो सरळ लावला होता. एवढंच.

पृथ्वी असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. भारत खाली गेला की शेजारचा पानवालासुद्धा सांगतो. गुरूच्या बाबतीत कोणाला काही कळत नाही हे मी गृहीत धरलं, पण सभागृहात एका माणसाला कळलं होतं. तो म्हणजे शाळेचे विज्ञानशिक्षक लिमये सर. त्यांनीच खटपट करून शाळेकडून हा ग्रह करून घेतला होता. सर उठले, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "दुर्बिणीतून ग्रह उलटा दिसतो. मुलांना तो जसा दिसणार आहे तसाच केलेला आहे." आणि परत जागेवर येऊन बसले. पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जास्त.

कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळून जाताना ते न थांबता म्हणाले, "वानखेडे, मोटर तेवढी उलटी फिरवून ठेवा. उलटा दिसणारा ग्रह फिरतोही उलटा, सध्या तो कशातूनच तसा दिसत नाही."

घरी येऊन मी हे सुजाताला सांगितलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे मी ते जरा रंगवून सांगितलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे चूक तुमची आणि अक्कल त्यांची." माझ्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा सारांश तिने तेव्हाच सांगून ठेवला होता, हे नंतर लक्षात आलं.

मी मॉडेलं करतो. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर हेच सांगतो, आणि मग समोरच्याला वाटतं फॅशनशी काही संबंध असेल. मग ते माझ्याकडे बघतात आणि गैरसमज दूर होतो. शाळांसाठी, प्रदर्शनांसाठी, दवाखान्यांसाठी मी हृदय, किडनी, ज्वालामुखी, दाढा आणि ग्रह करतो. कारखाना म्हणजे कसबा पेठेतल्या एका बोळातली लांबट खोली. वडील वर्ध्याकडून इकडे कारखान्यात नोकरीला आले. मी साचेकाम शिकलो ते विहारांसाठी बुद्धमूर्ती करणाऱ्या एका कारागिराकडे. तिथे नाकाची रेघ जरा हलली तरी मूर्ती परत यायची, कारण चेहरा शांत दिसला पाहिजे. ग्रहाला चेहरा नाही हे कळल्यावर मी तो धंदा सोडून इकडे आलो.

त्यातही गुरू हा मॉडेलवाल्यांच्या सोयीसाठीच घडवलेला ग्रह आहे. गोळा दोन वाट्यांत ओततात आणि मध्ये जोडतात. जोड कितीही घासला तरी दिसतो. पण गुरूवर आडवे पट्टेच पट्टे आहेत, जोडावरून एक पट्टा ओढला की संपलं. शनीला कड्याचा ताप आहे, चंद्राला खड्ड्यांचा. गुरूला त्रास एकच, तो डाग.

डाग म्हणजे वादळ आहे, हे मला लिमये सरांनी सांगितलं, आणि तेही मी डागाचा आकार आखून झाल्यावर. आपल्याकडे चक्रीवादळ येतं, दोन-चार दिवस बातम्यांत फिरतं, किनाऱ्याला धडकतं, झाडं पाडतं आणि विरून जातं. जमिनीवर आलं की त्याला खालून मिळणारी समुद्राची उष्ण वाफ तुटते. गुरूला जमीनच नाही. सगळा वायूचा गोळा. त्यामुळे ते वादळ धडकणार कशावर? ते नुसतं फिरत राहतं. वरून एक जोराचा वारा एका दिशेला, खालून दुसरा उलट दिशेला, आणि मध्ये हे, दोन तळहातांत लाडू वळावा तसं. वाटेत लहानसहान वादळं आली तर गिळतं. माणसं त्याच्याकडे दीडशेहून जास्त वर्षं सतत बघतायत आणि ते अजून आहे. तांबडं का आहे, याबद्दल शास्त्रज्ञांचं पूर्ण एकमत नाही.

"मग रंग कोणता द्यायचा?" मी विचारलं होतं.

सर मला मंडईत घेऊन गेले. गाजरं बघितली, टोमॅटो बघितले, नाक मुरडलं. शेवटी एका गाळ्यावर कापून ठेवलेल्या लाल भोपळ्याच्या फोडीवर बोट ठेवून म्हणाले, "हा."

भोपळेवाली म्हणाली, "घ्यायचाय का?"

"नाही. रंग बघायचाय."

"रंग लांबूनही दिसतो. बोट काढा."

भोपळा घ्यावा लागला. रंग मात्र बरोबर निघाला.

पण खरी गंमत पुढे आहे. दोन-तीन वर्षांनी विज्ञानप्रदर्शनाच्या आधी सरांचा फोन आला. "वानखेडे, आपला डाग सुजलाय."

मला वाटलं ओल आली. रंग फुगला असेल. मी पॉलिश पेपर, पुट्टी सगळं घेऊन शाळेत गेलो. डाग ठणठणीत होता. सर म्हणाले, "आपल्याला काही झालेलं नाही. वरचा बारीक झालाय. म्हणजे आता आपला मोठा दिसतो. थोडा बारीक करा."

तेव्हा मला कळलं की हे वादळ आक्रसत चाललंय. जुन्या काळी त्यात तीन पृथ्व्या शेजारी शेजारी मावल्या असत्या. मी गोळा केला तेव्हा पावणेदोन मावत असतील. आता एक मावते आणि थोडी फट राहते. सरांच्या गच्चीवर दुर्बीण होती, जगभरचे हौशी लोक कुठे कुठे मापं कळवत, त्यांच्याशी सर ताडून बघत. मग कर्कटक घेऊन आमच्या गोळ्यावर डागाच्या दोन बाजूंना खडूच्या खुणा करत आणि म्हणत, "इथून इथपर्यंत." मी कडेचा तांबडा भाग साईच्या रंगाने झाकायचो, आतला डाग पुन्हा कोरायचो, भोवतीच्या लाटा नव्याने ओढायचो.

असं दर दोन-तीन वर्षांनी चाललं. एकदा फोन आला, "ते खालचे पांढरे ठिपके होते ना, ते एकमेकांत गेले. आता एकच ठेवा." पुन्हा काही वर्षांनी, "तो पांढरा लालसर झालाय." मी म्हटलं, "सर, तिकडे जरा ठरवून घ्या म्हणावं." सर म्हणाले, "कळवतो."

माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना असला छंद नव्हता. मी केलेलं हृदय परत बोलवून कोणी त्याच्या झडपेचा पडदा बदलून घेत नाही. उलट एक बिल्डर आले होते. कोथरूडमध्ये त्यांची इमारत उभी राहत होती आणि लॉबीत त्यांना गुरू हवा होता.

"पण डाग नको," ते म्हणाले.

"डाग नसेल तर गुरू ओळखू कसा येणार?"

"खाली पाटी लावू. आमच्या वास्तुवाल्यांनी सांगितलंय, दाराशी गुरू असावा, पण निर्मळ असावा."

"साहेब, तो डाग म्हणजे वादळ आहे."

"मग तर मुळीच नको. लोकांना अजून ताबा द्यायचाय."

मी हो म्हटलं. पण डाग नसलेला गुरू करायला हात धजेना. शेवटी डाग रंगवला आणि बसवताना ती बाजू भिंतीकडे केली. तो अजून तिथेच आहे, भिंतीकडे तोंड करून. केर काढणाऱ्या मावशींना तेवढं माहीत आहे. मी हे घाबरत घाबरत लिमये सरांना सांगितलं, तर म्हणाले, "ठीक आहे. गुरू दहा तासांत एक फेरी मारतो, त्यातले पाच तास डाग तसाही तिकडेच असतो."

सर निवृत्त झाले तरी फोन येत राहिले. शाळेने त्यांना गुरू ठेवला होता त्या विज्ञानाच्या खोलीची एक किल्ली ठेवू दिली होती. मग एका वर्षी खडूच्या खुणा करताना त्यांनी पहिली खूण बरोबर केली आणि दुसरी चक्क ध्रुवाजवळ केली. मी सांगायच्या आधी तेच म्हणाले, "वानखेडे, माझ्या डोळ्यात डाग पडलाय. अगदी मधोमध. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, बाकी सगळं दिसतं. तिकडचा बारीक होतोय, इकडचा मोठा होतोय. आता तुम्ही मोजा आणि मला सांगा."

सुजाताला विचारलं, तर ती म्हणाली, "म्हातारपणी होतं तसं. कडेकडेचं दिसतं, समोरचं जातं. औषधाने थोपवतात, गेलेलं परत येत नाही." मग थोड्या वेळाने, "दुर्बीण बंदच झाली म्हणायची."

दुर्बीण बंद झालीच. राहिला तो शाळेतला गोळा. सर मला एवढंच म्हणाले, "मी आहे तोवर तो डाग खरा ठेवा. मला दिसत नसला तरी कुठेतरी खरा आहे हे पुरतं."

आणि यंदा शाळेतून निरोप आला की खोली रिकामी करायची आहे. तिथे संगणक बसायचेत. मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत, त्यांना वाईट वाटत होतं. म्हणाल्या, "ग्रह दुसरीकडे हलवला असता हो, पण तो दारातून बाहेरच निघत नाही."

हे खरं होतं. आत नेला तेव्हा खोलीला जुनं दोन फळ्यांचं लाकडी दार होतं. मधल्या काळात ॲल्युमिनियमचं एकफळी आलं. चार फुटी गुरू आत अडकला होता, आणि शिपाई घण घेऊन यायला तयार होता.

मी सरांना फोन केला.  सर म्हणाले, "जोड कुठे आहे?"

"विषुववृत्तावर."

"डाग विषुववृत्ताच्या बराच बाजूला आहे. जोडावर कापा. मी येतो."

आयुष्यात मी एकच जोड नीट केला असेल तर तो हा. ग्राइंडर लावल्याशिवाय सुटणार नव्हता, आणि ग्राइंडर लावला की सगळा गोळा थरथरतो. जुना रंग थरथरला की तडकतो. एक तडा डागातून गेला की मग काय खरं आणि काय खोटं. हे सरांना सांगायची गरज नव्हती. ते दारात खुर्ची टाकून, नाकाला रुमाल लावून बसले होते, कारण फायबरची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाजवावं लागतं.

मी कापायला लागलो. सर दर थोड्या वेळाने विचारत, "पट्टा सोडला नाहीत ना?"

"नाही सर."

"सोडला असेल तर सांगा."

"सोडला नाही सर."

"तुम्ही फोटोही सरळ लावला होता."

पाऊण फेरी झाली आणि साईच्या रंगात एक तडा उठला. केसासारखा. बघता बघता वाकडा होत डागाकडे निघाला. मी ग्राइंडर बंद केला. बघायला आलेल्या मुख्याध्यापिका बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" सर म्हणाले.

मी वाकून तड्याचं टोक शोधत होतो.

"वानखेडे, मला दिसत नाही. ऐकू येतं. काय झालं?"

"तडा गेलाय सर. डागाच्या दिशेने. पण कडेला येऊन थांबलाय."

"थांबलाय की तुम्ही म्हणताय?"

"थांबलाय."

"मग कापा."

उरलेली पाव फेरी मी हातकरवतीने कापली. तडा पुढे सरकला नाही. त्यात माझं कौशल्य शून्य. डागाच्या कडेला रंग जाड होता म्हणून तो थांबला, आणि रंग जाड का होता ते पुढे येईलच.

डागाची वाटी टेंपोत घालून कोथरूडला आमच्या घरी आणली, कारण सरांच्या जिन्याच्या वळणात ती बसत नव्हती. लिफ्टमध्येही बसली नाही. तीन जिने चढताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "पाण्याची टाकी का? टाकीला परवानगी लागते." मी म्हटलं, "गुरू आहे. अर्धा." ते म्हणाले, "अर्जात तसं लिहा."

घरात टीपॉय हलवून वाटी पालथी ठेवली. हॉलमध्ये एक मोठा पट्टेदार घुमट तयार झाला. सुजाता ड्युटीवरून आली, चपला काढल्या, घुमटाला एक फेरी मारली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचं त्या काळात माझ्याशी जरा तुटकच चाललं होतं. कारण बेडरूमचं दार. ते दार मी लग्नापासून चार-पाचदा रंगवलंय, आणि एकदाही आधी घासलेलं नाही. घासणं हा या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. दिवसभर लोकांच्या किडन्या घासून आल्यावर घरी दार कोण घासणार? त्यामुळे त्या दारावर जुन्या रंगांचे ओघळ, कडा, सगळं तसंच आहे. ती येता जाता त्यावरून नख फिरवते. बोलत काही नाही. नखाचा आवाज येतो.

रविवारी सर रिक्षाने आले. सुजाताने हात धरून त्यांना घुमटापाशी बसवलं. म्हणाली, "सर, तिरकं बघा. मान थोडी डावीकडे. आता कडेने दिसेल."

त्यांनी मान वळवली. "काहीतरी भोपळ्यासारखं आहे."

"तोच."

मग त्यांनी हात पुढे केला. तोवर शाळेत त्यांनी खडू-कर्कटक टेकवण्यापलीकडे गोळ्याला कधी हात लावला नव्हता, मुलांनाही लावू देत नसत. बोटं डागावर टेकली. डाग आता मुठीहून जरासा मोठा. मधून बोटं हळूहळू बाहेर सरकली, आणि थांबली. मागे आली. पुन्हा बाहेर गेली.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, नवा रंग द्यायच्या आधी जुना घासून सपाट करायचा असतो. मी तो दर वेळी... म्हणजे वेळ कमी असायचा."

"म्हणजे जुन्या डागाची कड तशीच आहे? खाली?"

"हो."

"दर वेळची?"

"हो सर."

 त्यांचं बोट पहिल्या कडेवर गेलं. "हा मागच्या वेळचा." पुढच्या कडेवर. "हा मी तुम्हाला ध्रुवावर पाठवलं तेव्हाचा." त्याच्या पुढच्या. "हा निवृत्तीच्या वर्षीचा. तेव्हा गच्चीवर पाहिला होता मी. हवा काय स्थिर होती." अशी एकेक कड ओलांडत बोट बाहेर बाहेर जात राहिलं. माझ्या आळशीपणाचे सगळे थर त्यांनी एकही न चुकवता मोजून काढले. शेवटच्या कडेपाशी बोट थांबलं. तिथून पुढे गुळगुळीत होतं.

"आणि हा उद्घाटनाचा," सर म्हणाले. "केवढा होता हो."

त्यांनी पंजा पूर्ण पसरून त्या बाहेरच्या कडेवर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. स्वयंपाकघरात चहा उतू गेला होता. मला वास येत होता, सुजातालाही येत असणार, पण ती दारात उभी होती आणि हलली नाही.

जाताना सर म्हणाले, "दोन-तीन महिन्यांनी येत जाईन. चालेल ना, ताई?" सुजाता म्हणाली, "रविवारी या. मी असते." ती त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडून आली. मी शेगडी पुसत होतो.

वर आल्यावर ती आधी घुमटापाशी गेली. वाकून डागाच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा आत, एकदा बाहेर. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी हा रंगवाल तेव्हा घासू नका." आणि बेडरूमकडे जाता जाता, "दार मात्र घासायचंय."